राखून ठेवलेली ताकद



प्रत्येकाने आपल्या कामातलं किंवा आवडीचं काहीतरी दहा मिनिटांत सांगायचं, असा संयोजकांचा निरोप आला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझं रोजचं काम सांगत बसले तर जेवणाआधीच अर्धा वर्ग झोपेल. म्हणून गाडीबद्दल बोलते. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलांना वीजकाम आणि मुलींना शिवणकाम असायचं. खिडकीतून फ्यूज बांधणाऱ्या मुलांकडे बघता बघता मी किती रुमाल वाया घालवले, ते बाईंना आठवत असेल. ती राहिलेली हौस मी पुढे गाडीवर फेडून घेतली.

रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या इंजिनातून थोडी जास्त ताकद काढणं म्हणजे ट्यूनिंग. शर्यतीची गाडी करायची नसते. ऑफिसला आणि बाजारात न्यायची तीच गाडी, फक्त पिकअप थोडा वाढवायचा.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडची मिनी. ॲलेक इसिगोनिस यांनी ती १९५९ साली सामान्य कुटुंबासाठी बनवली. इंजिन ८४८ सीसीचं, ताकद ३४ अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांना त्या चिमुकल्या गाडीत वेगळंच काही दिसलं. १९६१ साली आलेल्या मिनी कूपरमध्ये इंजिन ९९७ सीसीचं झालं, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर आले आणि ताकद ५५ अश्वशक्तीवर गेली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. ताकद वाढवणाऱ्या माणसाने थांबण्याची सोयही त्याच वेळी केली होती. मी ही गोष्ट कितीदा तरी वाचली होती. कळली मात्र उशिरा.

इंजिनाचं काम तसं सोपं आहे. हवा आत घ्यायची, त्यात पेट्रोल मिसळायचं, दाबायचं आणि योग्य क्षणी ठिणगी टाकायची. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर १ अंश म्हणजे सेकंदाचा १८ हजारावा भाग. पूर्वी मेकॅनिक कान लावून हे जुळवायचे. आता गाडीतला छोटा संगणक जुळवतो. त्याच्या पोटात पाढ्यांच्या तक्त्यासारखे तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: ठिणगी किती अंश आधी, पेट्रोल किती, टर्बो असेल तर हवेचा दाब किती. हे आकडे बदलले की गाडी बदलते. पान्याला हात लावावा लागत नाही.

आता तुम्हीच सांगा, आकड्यांचे तक्ते समोर असताना माझ्यासारखी बाई गप्प बसेल का? माझी गाडी छोटी, टर्बो असलेली, शंभरेक अश्वशक्तीची. पुण्यात एकाने तासाभरात तिचे तक्ते बदलून दिले. महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच भरा, एवढी सूचना दिली. ताकद पंधरा-वीस अश्वशक्तींनी वाढली. ट्रकच्या मागून बाहेर काढताना गाडी अशी झेपावायची की महिनाभर मी उगाचच ट्रक शोधत होते.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. बाबांची अँजिओप्लास्टी ठरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात दाखल करायचं होतं. चिपळूणहून दुपारी निघालो. बाबा, आई, भाऊ, मी, सामान आणि डॉक्टरांना द्यायच्या म्हणून आईने आग्रहाने घेतलेल्या आंब्याच्या दोन पेट्या. ते महाग पेट्रोल त्या दिवशी पंपावर नव्हतं. साधं भरलं. कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यावर इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

याला नॉकिंग म्हणतात. दाब आणि उष्णता फार वाढली की सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटतं आणि पिस्टनवर घण बसावा तसे ठोके बसतात. हे फार वेळ चाललं तर पिस्टनसुद्धा फुटतो. थोड्याच वेळात इंजिनाचा दिवा लागला आणि संगणकाने ताकद काढून घेतली. चढावर, वळणावर, मागे ट्रकांची रांग. कशीबशी गाडी कडेला घेतली. एका ट्रक ड्रायव्हरने न सांगता उतरून चाकामागे दगड लावला. एसी बंद, मागच्या सीटवर बाबा छातीवर हात ठेवून बसलेले. ती चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. इंजिन निवल्यावर रांगत रांगत हेळवाक गाठलं. पुण्यात पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले.

बाबांची शस्त्रक्रिया नीट झाली. मग मी जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडून बसले. टर्बोचा दाब वाढवला होता, ठिणगी आधी आणली होती. ते मला माहीत होतं. पण नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेण्याची जी मुभा संगणकाला होती, तीसुद्धा कमी केली होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड न वाचता चालू यंत्रणेत टाकू नका, हे मी ऑफिसात नव्या मुलांना रोज सांगते.

कंपनीने ती ताकद आळसाने सोडलेली नव्हती. तीच गाडी राजस्थानच्या उन्हात जाणार, लडाखच्या विरळ हवेत जाणार, कुठल्या तरी पंपावरचं भेसळीचं पेट्रोल पिणार, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन मे महिन्यात घाट चढणार. त्या दिवसासाठी ती राखून ठेवली होती. मी ती ट्रक ओलांडण्यात खर्च केली. गणिताचे सर सांगायचे, पेपर कितीही सोपा असो, शेवटची दहा मिनिटं हातची सोडू नका. मला तेव्हा ती वाया गेलेली दहा मिनिटं वाटायची.

जुने तक्ते मी परत टाकून घेतले. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलला, चाकांचं अलाइनमेंट केलं, चांगले टायर आणि ब्रेक पॅड घातले. गाडीने तिची मूळची ताकद बरीचशी परत दिली, कारण ती माझ्या दुर्लक्षानेच हरवली होती. तुमच्यापैकी कोणाला हौस असेल तर इथून सुरुवात करा. त्यापुढे जायचंच असेल तर काय बदललं ते लेखी मागा आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही वाचा. नोंदणी पुस्तिकेतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आणि जॉन कूपरचे ब्रेक विसरू नका.

त्या रात्री बाबांनी विचारलं होतं, "काय झालं गं गाडीला?" मी म्हटलं, "गरम झाली." तीन वर्षं तेवढ्यावरच ठेवलं. पण हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत आणि बाबा स्मरणिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार. म्हणून आज सकाळी निघताना त्यांना खरं काय ते सांगून आले. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. त्याआधी ती गाडी एवढी पळत नव्हती."

आज रात्री घाट चढून परत जाणाऱ्यांनी टायरमधली हवा बघून घ्या.