नवउद्योग आणि सर्व्हरचे भाडे



नवा उद्योग म्हटला की पूर्वी जागा, यंत्रे आणि कच्चा माल यांचाच विचार प्रथम होत असे. आज त्यांच्या जोडीला सर्व्हर आला आहे. ज्या संगणकात उद्योगाची नोंदवही अहोरात्र उघडी असते आणि दूरदूरचे ग्राहक मोबाईलद्वारे जेथवर पोहोचतात, तो सर्व्हर होय. तो विकत घेऊन अखंड वीज, वातानुकूलन आणि देखरेख यांचा भार सोसण्यापेक्षा भाड्याने घेणे नव्या उद्योगास परवडते. या भाड्याच्या व्यवहारास होस्टिंग म्हणतात.

भोपाळ शहरापुरता विचार केला, तरी या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. तेथे अरेरा हिल्सवर मध्य प्रदेश शासनाचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. शासकीय विभागांच्या संगणकीय कामाचा भार राज्याचे डेटा सेंटर वाहते. १३ मे २०२२ रोजी राज्याच्या स्टार्टअप धोरणाचा शुभारंभ झाला. स्मार्ट सिटी योजनेतील ‘बी-नेस्ट’ केंद्रही नवउद्योजकांच्या साहाय्यासाठीच आहे. तथापि खासगी उद्योगास सर्व्हर मात्र सामान्यतः बाजारातूनच घ्यावा लागतो, आणि तेथे निवड चुकल्यास तुटपुंजे भांडवल पाहता पाहता संपते.

समजा, सिहोर आणि विदिशा जिल्ह्यांतील शरबती गहू थेट शहरी ग्राहकांना पोहोचविणारा उद्योग तीन तरुणांनी भोपाळमध्ये काढला. गहू निघाला की मागण्यांची झुंबड उडेल. पावसाळ्यात सामसूम होईल. झुंबडीच्या मापाचा सर्व्हर बाराही महिने घेणे म्हणजे मळणीचे मजूर वर्षभर कामावर ठेवण्यासारखे आहे. यास्तव आरंभी लहान सर्व्हर घ्यावा आणि तो हंगामात वाढविता व नंतर कमी करता येईल, याची खात्री करून घ्यावी.

होस्टिंगचे मुख्य प्रकार तीन. सामायिक होस्टिंग हा चाळीतला सामाईक नळ आहे. तो सर्वांत स्वस्त खरा. पण शेजाऱ्याने तोटी मोकळी सोडली की आपली धार बारीक होते. केवळ परिचयाचे संकेतस्थळ असेल तर तो पुरेसा आहे. दुसरा प्रकार व्हीपीएस. हा ठरावीक मापाचा स्वतंत्र नळ होय. दोन जीबी स्मृतीचा असा सर्व्हर साधारणतः दरमहा ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो आणि बहुतेक नव्या उद्योगांची पहिली गरज भागवितो. तिसरा प्रकार क्लाउड. हा मीटरचा नळ होय. जितका वापर तितके बिल. परंतु तोटी उघडी राहिली तर भुर्दंडही तितकाच. म्हणून खर्च ठरावीक रकमेजवळ येताच सूचना मिळेल, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

सर्व्हर कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. भोपाळहून मुंबईस जाऊन परत येण्यास त्याला काही सहस्रांश सेकंद पुरतात. युरोपास जाऊन येण्यास त्याच्या कितीतरी पट काळ लागतो. खेड्यातील मंद जोडणीवर हा फरक ग्राहकास जाणवतो. शिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर दुर्घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी लागते. हे कर्तव्य कसे पार पडेल, हे सेवादात्यास आधीच विचारावे.

जाहिरातीतील भाव हा अंतिम भाव नव्हे. पहिल्या वर्षाची सवलत सरल्यावर नूतनीकरणाचा दर काय, कर धरून रक्कम किती, बाहेर जाणाऱ्या माहितीवर वेगळा आकार आहे काय, बिल डॉलरमध्ये आहे काय, हे लेखी घ्यावे. मोठ्या क्लाउड कंपन्या नवउद्योगांना काही काळ फुकट वापराची रक्कम देतात. ती अवश्य घ्यावी. मात्र ती संपल्यावरचे मासिक बिल आजच मांडून पाहावे. अखंडतेच्या हमीतही बारकावा असतो. ९९ टक्के म्हणजे महिन्यात सात तासांहून अधिक काळ सेवा बंद राहू शकते; ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रतींची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते सावरले. ज्यांची प्रतही तेथेच होती, त्यांपैकी कित्येकांची माहिती कायमची गेली. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच नियम येथे लागू आहे. रोजची प्रत दुसऱ्या शहरात, शक्य तर दुसऱ्या कंपनीकडे असावी. आणि ती प्रत्यक्ष उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे.

गव्हाच्या त्या उद्योगाच्या सर्व्हरवर शेतकऱ्यांची येणी आणि बँकखात्यांचे क्रमांक असतील. नोंद बुडाली तर तीन तरुणांचे भांडवल जाईलच. पण ज्याने विश्वासाने पोती स्वाधीन केली, त्याच्या हाती हिशेबाचा पुरावाही उरणार नाही. काटकसर सर्व्हरच्या आकारात करावी. दुसऱ्या प्रतीच्या खर्चात करू नये.