बिटकॉइनचे पाकीट आणि आपला अर्ज

बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर मॅनेजर तरी असतो. बिटकॉइनचे पाकीट स्वतःकडे ठेवले की १२ किंवा २४ शब्दांची यादी हीच किल्ली. पासवर्ड विसरला तरी त्या शब्दांवर पाकीट पुन्हा उघडते. पण 'उघडून देतो' म्हणणाऱ्याला ते सांगितले की पाकीट त्याचे झाले.

पुण्याचेच पाहा. २०१८ साली गेनबिटकॉइन प्रकरणात पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ मदतीस घेतले. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली. आरोपींच्या पाकिटांतील बिटकॉइन त्यांनी स्वतःकडे वळवले, शिल्लक कमी दाखवणारे बनावट स्क्रीनशॉट पोलिसांना दिले, असा आरोप. कुंपणानेच शेत खाल्ले की काय, ते कोर्ट ठरवील.

२०२२ पासून सरकार या नफ्यावर ३० टक्के कर घेते. मग दादही लागली पाहिजे! फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० ला फोन करा. पण तपासात पाकीट जप्त झाले तर ते शब्द कोणाच्या हाती जातात? पोलीस आयुक्तालय आपल्या नवनगरातच आहे. मंडळातर्फे मराठी-कानडीत लेखी अर्ज देऊन हे विचारू. सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे.