दर्या, दऱ्या आणि दहा इंचांचा लॅपटॉप

(हैदराबाद येथे मराठी भाषकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय 'संगणक आणि मराठी' असा भलामोठा होता. संयोजकांच्या परवानगीने मी तो लहान केला आहे. मी बोलणार आहे एका लहान, स्वस्त आणि आता जुन्या झालेल्या लॅपटॉपबद्दल. दहा इंचांचा पडदा, एक जीबी मेमरी, ॲटम जातीचा बत्तीस बिटांचा प्रोसेसर. सिकंदराबादला पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून, जुना माल विकणाऱ्या एका दुकानातून मी तो चार हजार रुपयांना घेतला. कंपनीचे नाव सांगत नाही. मी जाहिरात करायला उभा नाही, आणि ते यंत्र आता कोणी नव्याने विकतही नाही. त्यावर डेबियन लिनक्स आहे. गणिताच्या शिक्षकाची पेन्शन असलेल्या माणसाला परवाना विकत न घेता मिळणारी प्रणाली आवडली, यात विशेष काही नाही.

असली यंत्रे निघाली कशी, ते आधी थोडक्यात सांगतो. निकोलस नेग्रोपोंटी यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक, असा तो बेत होता. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये त्याला नकार दिला. तरीही भारतातला पहिला प्रयोग झाला तो एका मराठी शाळेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. मुले विशीच्या आसपास, पहिली ते चौथीची. आत लिनक्सच होते, आणि पडदा भर उन्हातही वाचता येई. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच उतरली नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हाही ती दुपटीच्या जवळ होती.

त्या बेताने जग बदलले नाही, पण बाजाराला एक गोष्ट दाखवून दिली. लहान, साधे आणि कमी ताकदीचे यंत्रही लोक घेतात. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानमध्ये आसुसचा ईई पीसी आला. सात इंचांचा पडदा, चार जीबी साठवण, वजन किलोपेक्षा कमी आणि आत लिनक्स. लगेच २००८ च्या जानेवारीत आपल्याकडे एचसीएलने मायलीप काढला. त्याचा लिनक्सचा नमुना चौदा हजारांच्या आसपास मिळे. त्या काळात साध्या लॅपटॉपला तीस-पस्तीस हजार मोजावे लागत. दोनतीन वर्षांत टॅब्लेट आणि मोठे फोन आले आणि ही सगळी जात मागे पडली. माझे यंत्र त्याच पिढीतले, म्हणूनच चार हजारांत मिळाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फोनवर सगळे मराठी लिहितात, मग हे जुने धूड कशाला, असे माझा नातू विचारतो. त्याला मी कळफलक दाखवतो.

इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आहे. तो विंडोजवरही मिळतो, फक्त कोणी वापरत नाही. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. खरी गंमत पुढे आहे. भारतातल्या बहुतेक लिप्यांना तोच आराखडा आहे. जिथे मराठीत क, तिथेच तेलुगूत क आणि कन्नडमध्येही क. माझी सून तेलुगू माध्यमात शिकलेली. तिने माझ्याकडून मराठीचा कळफलक महिनाभरात उचलला आणि मग आपण होऊन तेलुगू टंकायला लागली. बोटांना लिपी बदललेली कळत नाही. शेजारच्या घरातली भाषा वेगळी असणे ही या शहरातली रोजची गोष्ट आहे, आणि हा कळफलक जणू याच शहरासाठी केला असावा असे मला वाटते.

इंग्रजी 'जे'च्या कळीवर इनस्क्रिप्टमध्ये र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'दऱ्या'मधले ऱ्य तयार होते. शिफ्ट न धरता तेच केले तर रफार येतो आणि शब्द होतो 'दर्या'. मुंबईकराला दर्या म्हणजे समुद्र, उर्दू ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला दर्या म्हणजे नदी, आणि दऱ्या तर डोंगरांमधल्या. एका शिफ्टचा फरक. आता हीच शिफ्ट धरलेली कळ तेलुगूत काय देते? तेलुगूतला जुना, जवळजवळ वापरातून गेलेला दुसरा र. त्याला ते लोक बंडी र म्हणतात, पंडिती भाषेत शकट रेफ. बंडी म्हणजे गाडी, शकट म्हणजेही गाडी. त्यांच्या घरात अडगळीत पडलेली गाडी आपल्याकडे रोज रस्त्यावर धावते आहे. हे कळले त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगितल्यावर घरात कोणालाही झाला नाही, पण या सभेत कोणीतरी असेल.

दुसरे काम जुन्या फाइलींचे. एका संस्थेच्या कपाटात सीडींचा डबा होता. संस्थेचे नाव नको. त्यात नव्वदच्या दशकापासूनचे अंक, सभांची इतिवृत्ते, दोन-तीन अप्रकाशित आत्मचरित्रे होती. सगळे त्या काळच्या फाँटमध्ये टंकलेले. ते फाँट असे की फाइलीत प्रत्यक्ष साठवलेली असतात रोमन चिन्हे, आणि त्यांच्या जागी फाँट देवनागरीचे आकार रंगवतो. फाँट गेला की उरतो चिवडा. संस्थेने तो विकत घेतला होता, पण जुना संगणक मोडीत गेला आणि त्याबरोबर फाँटही गेला. छापील अंकांना वाळवी लागलेली. म्हणजे काही लेखकांचे शब्द आता फक्त त्या चिवड्यातच उरले होते.

मी पायथॉनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर, याचा तक्ता छापील पाने समोर ठेवून हाताने केला. त्यालाच दोन महिने गेले. पण नुसत्या तक्त्याने भागत नाही. जुना फाँट दिसण्याचा क्रम पाळतो आणि युनिकोड उच्चाराचा. 'स्थिती' लिहिताना फाँटमध्ये वेलांटी आधी येते, मग स्थ. युनिकोडमध्ये स्थ आधी आणि वेलांटी नंतर. म्हणजे वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला लावावी लागते. 'सूर्य'मधल्या रफाराचे नेमके उलटे: तो दिसतो य नंतर, पण साठवायचा य आधी. आणि 'ऱ्या'मधला आडवा र हा त्या फाँटमध्ये नुसता एक आकार. त्याला ऱ आणि हलन्त असे फोडून लिहावे लागते, नाहीतर सगळ्या दऱ्यांचे दर्ये होतात. एवढ्याशा यंत्राला हे काम जड गेले नाही. मजकूर हा हलका पदार्थ आहे. रात्री लावून झोपायचो, सकाळी पंचवीस-तीस अंक तयार असत.

इथे अकादमीला एक विनंती, सरकारी पैशातून चालणारी संस्था म्हणून. आपला वार्षिक अंक छापा, त्याची पीडीएफही ठेवा, पण त्याबरोबर युनिकोडमधला साधा मजकूरही जपा. खर्च शून्य आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची. काचीगुड्याला आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. त्यांच्या जन्माची नोंद १३४९ फसलीची. फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, की इसवी सन जवळपास येतो. सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या वयात पाहिली. त्यांना आठवणी लिहायच्या होत्या, पण हात थरथरतो, पेन धरवत नाही, आणि फोनच्या पडद्यावर बोट नको तिथे पडते. लॅपटॉपच्या कळा मात्र दाबता येतात. अक्षर मोठे करून दिले, एका पडद्यावर सहा-सात ओळी मावतात. दुपारी तासभर त्या लिहितात.

लिब्रे ऑफिसच्या शुद्धलेखन तपासनिसाने त्यांचे पहिले पान लालेलाल केले. सर्फेखास, देवढी, अव्वल तालुकदार, हाली, कलदार. सगळ्यांखाली लाल रेघ. वडिलांच्या पगाराच्या कागदांवर महिने आजर, दय, बहमन असे, तेही चूक. काकू मला म्हणाल्या, "अहो मास्तर, हे यंत्र पुण्याचं आहे का?" मी म्हणालो, तसेच समजा. निजामाच्या खासगी मुलखाला सर्फेखास म्हणत, कलेक्टरला अव्वल तालुकदार, राज्याच्या रुपयाला हाली आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. १९५६ पर्यंत मराठवाडा याच राज्यात होता. लाखो मराठी माणसांच्या रोजच्या व्यवहाराचे हे शब्द, आणि यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीत.

पण त्या तपासनिसाचा खासगी कोश ही एक साधी मजकूर-फाइल असते. ती उघडता येते, वाचता येते, दुसऱ्याला देता येते. आम्ही लाल रेघेचा प्रत्येक शब्द तपासतो. खरोखर चूक असेल तर दुरुस्त करतो, नसेल तर त्या फाइलीत टाकतो, आणि शेजारी दुसऱ्या फाइलीत त्याचा अर्थ काकूंच्या शब्दांत लिहितो. चूक कोणती आणि बोली कोणती, यावर आमचे भांडण होते. 'दरख्वास्त' की 'दरखास्त', यावर दोन दुपारी गेल्या. शेवटी दोन्ही ठेवले. आज अकराशेच्या वर शब्द आहेत आणि अर्थांसकट ती फाइल दीडशे केबीसुद्धा भरत नाही. आपल्याच शहरात 'स्वेच्छा'च्या कार्यकर्त्यांनी तेलुगूत अख्खी लिनक्स प्रणाली आणली. त्यांच्यापुढे हे काम मोहरीएवढे आहे, ते मला कळते.

तक्रारीही सांगायला हव्यात. ब्राउझर उघडला की यंत्र धापा टाकते. बँकेचे काम त्यावर होत नाही. छपाईयंत्र जोडायला एक रविवार गेला. काळ्या पडद्यावरच्या आज्ञारेषेत देवनागरीच्या मात्रा सुट्या होऊन पडतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: बत्तीस बिटांचे दिवस संपत आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेले डेबियन तेरा असल्या प्रोसेसरवर बसवता येत नाही. बारावी आवृत्ती चालते, तिची सुरक्षेची डागडुजी जून २०२८ पर्यंत मिळेल. काकूंना हे सांगितले, तर म्हणाल्या, "मग त्याच्या आत संपवू."

त्या सध्या १३५८ फसलीपर्यंत आल्या आहेत. शब्दांची यादी 'द'वर अडली आहे. देवढीत काम करणाऱ्या माणसांच्या हुद्द्यांची नावे त्यांना पुरती आठवत नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या हाली हिशेबाच्या वह्या किंवा देवढीतल्या नोकरीचे कागद असतील, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. कागद घेणार नाही, तिथल्या तिथे शब्द उतरवून परत देईन.