पायाभरणीपूर्वी पांढरीची पाहणी
(दिंद्रुड येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



दिंद्रुड येथे समाजाच्या विद्यार्थी-वसतिगृहासाठी जागा मिळाली, ही वार्ता सर्वांस आनंद देणारी आहे. पायाभरणीचा मुहूर्त लवकर धरावा, असा आग्रहही रास्त आहे. तथापि जागा जुन्या गावठाणातील आहे. म्हणून तिच्यावर कुदळ पडण्यापूर्वी ती जाणकारांच्या नजरेखालून जावी, एवढीच आमची विनंती आहे.

आपण शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणतो. ढासळलेल्या भिंतींची माती आणि चुलीतील राख पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरी तयार होते. माळवदावर घालण्यासाठी आपण ती खणून आणतो आणि तीत खापर वा मणी निघाला तर फेकून देतो. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू जपून ठेवल्या. त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आज प्राचीन तगर नगराची साक्ष देत आहे.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, त्यांच्या चुली आणि घराच्या भुईखाली कुंभांत पुरलेली बालके तेथे आढळली. याउलट नगर जिल्ह्यातील दायमाबादची कथा पाहा. १९७४ साली तेथे रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक आहे. परंतु त्या शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरांची नोंद होऊन निघाल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू हाती आली, पण तिची साक्ष अपुरी राहिली!

राजेरजवाड्यांची नावे ताम्रपटांत कोरली गेली. नांगर धरणाऱ्या आणि जाते ओढणाऱ्या आपल्या पूर्वजांस ताम्रपट कोण देणार? त्यांचे दप्तर म्हणजे ही पांढरीच होय. यंत्राच्या एका फावड्याने ते दप्तर कायमचे फाटते.

पाहणी म्हणजे काही अवघड कर्म नव्हे. प्रथम जमिनीवरील खापरे पाहावयाची. नंतर दोन-तीन ठिकाणी लहान चर घेऊन थर मोजावयाचे, त्यांची छायाचित्रे व आराखडे काढावयाचे. काही न निघाल्यास निर्वेधपणे बांधावे. निघाल्यास नोंद करावी, किंवा पाया थोडा सरकवावा. इंग्लंडात १९९० पासून बांधकामाच्या परवानगीपूर्वी अशा पाहणीची प्रथा रूढ झाली. आपल्याकडे संरक्षित स्मारकांच्या परिसरात निर्बंध आहेत. सामान्य गावठाणाचे रक्षण मात्र गावकऱ्यांच्या विवेकावरच अवलंबून आहे. जमिनीत निधी सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेच आहे.

म्हणून मंडळाने राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास आजच विनंतीपत्र धाडावे, अशी सूचना आम्ही मांडतो. मुहूर्त पुढे ढकलता येतो. उकरलेली पांढरी पुन्हा रचता येत नाही. या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलांस आपल्या पायाखाली काय होते हे सांगता यावे, यापरते विद्यादान ते कोणते?