दुःख, सेवा आणि वस्तीची सुरक्षितता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'नागरिकांची सुरक्षितता आणि स्थानिक लोकप्रतिनिधी' असा विषय दिला आहे. या विषयावर आजकाल जी चर्चा चालते ती बहुधा कॅमेऱ्यांपासून सुरू होते आणि कॅमेऱ्यांपाशीच संपते. चौकात कॅमेरे बसवले, गस्तीच्या गाड्या वाढवल्या, सोसायटीला फाटक लावले, की वॉर्ड सुरक्षित झाला असे अहवाल तयार होतात. मी पस्तीस वर्षे सार्वजनिक वित्त हा विषय शिकवला असल्यामुळे माझी सवय निराळी आहे. एखादी वस्तू कोणाला मिळाली हे सांगितले गेले, की ती कोणाला मिळाली नाही आणि तिची किंमत कोणी मोजली, हे मी आधी विचारतो. आज तेच प्रश्न मृणाल गोरे यांच्या नगरसेविका म्हणून केलेल्या कामाच्या आधारे विचारावेत असे मनात आहे.

मृणालताईंचे नाव आपल्यापैकी कोणाला नवे नाही. अनेक कार्यालयांच्या भिंतींवर त्यांचे छायाचित्र आहे. अडचणही तिथेच आहे. माणूस भिंतीवर गेला की त्याच्याविषयी विचार करण्याची गरज उरत नाही, हार घालण्याची तेवढी उरते.

वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात आल्या. १९४८ साली केशव तथा बंडू गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघांनी गोरेगाव हे आपले कार्यक्षेत्र मानले. १९५८ साली केशवराव गेले. मृणालताईंचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते आणि पदरी लहान मुलगी होती. तीन वर्षांनी, १९६१ साली, त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. चरित्रलेखक या तीन वर्षांवरून एका वाक्यात उडी मारतात. त्यांनी दुःख गिळले आणि स्वतःला सेवेत झोकून दिले, असे ते वाक्य असते. मला ते कधीच पटलेले नाही. दुःख गिळले जात नाही. आपल्या समाजात पती गेलेल्या स्त्रीला घराच्या कोपऱ्यात बसवण्याची जी रीत होती, तिच्यापुढे केवळ मनोधैर्य पुरे पडले असते, तर त्या काळातील हजारो स्त्रिया कोपऱ्यातून बाहेर आल्या असत्या. त्यांना धैर्य कमी होते असे म्हणण्याची आपली हिंमत आहे काय?

फरक परिस्थितीचा होता. केशवरावांच्या हयातीतच मृणालताईंचे स्वतंत्र काम उभे राहिले होते. गोरेगावात स्त्रियांचे संघटन होते, कुटुंबनियोजनाचा प्रचार होता, घरोघरची ओळख होती. त्या कोणाच्या पत्नी म्हणून राजकारणात नव्हत्या, म्हणून पतीच्या निधनाने त्यांचे राजकारण संपण्याचे कारण नव्हते. शोकाच्या काळात माणसाला उभे करायला सहकाऱ्यांची, ओळखीच्या उंबरठ्यांची आणि उद्या सकाळी करायच्या ठरलेल्या कामाची गरज असते. आपल्या पक्षात कार्यकर्ता गेला की शोकसभा होते, ठराव होतो, साप्ताहिकात मृत्युलेख येतो. त्याची पत्नी सहा महिन्यांनी कुठल्या बैठकीला आली होती, असे मी पुष्कळ शाखांना विचारून पाहिले आहे. उत्तरे ऐकून मन खिन्न होते. तिला बैठकीला बोलवावे असे कोणाला सुचलेलेच नसते, कारण तो जिवंत असतानाही तिचे काम चहा करण्यापुरतेच होते.

स्मारकाची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. केशवरावांच्या नावाने गोरेगावात स्मारक ट्रस्ट उभा राहिला, आणि त्याच्या वास्तूत लोक सभेला, शिबिराला, नाटकाच्या तालमीला आणि भांडणे मिटवायलाही येत राहिले. पुतळ्याच्या पायथ्याशी वर्षातून एक दिवस गर्दी होते. इथे रोज कोणीतरी दार उघडत होते.

आता पाण्याकडे येऊ. गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत आले. हद्द वाढली, कर लागू झाले, नळ मात्र मागाहून येणार होते. रिकामे हंडे आणि कळशा घेऊन स्त्रिया महापालिकेच्या कचेरीत जात आणि अधिकाऱ्याला जाब विचारत, हे दृश्य मृणालताईंमुळे मुंबईच्या परिचयाचे झाले. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनीच दिले. या नावात थोडी थट्टाही होती हे विसरू नये. संसदीय राजकारणातल्या थोरांना नळाचे राजकारण हलके वाटते.

परंतु नळाचा आणि सुरक्षिततेचा संबंध काय? ज्याने वस्तीत पहाटे तीन वाजताची पाण्याची रांग पाहिली आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. पाणी रात्री-अपरात्री येते तेव्हा अंधारातून जाते ती बाई किंवा तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी. नळ एक आणि घरे दोनशे असली की रांगेत डोकी फुटतात, आणि मग त्या भांडणाला जातीचे किंवा धर्माचे नाव देणारे लोक वस्तीत असतातच. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महापालिका जिथे पाणी देत नाही तिथे ते दुसरा कोणीतरी विकतो. टँकरवाला असेल, जोडणी चोरणारा असेल, त्याच्यामागे वस्तीचा दादा असतो. या दादाची सत्ता चाकूच्या धारेवर चालते हा चित्रपटांनी पसरवलेला समज आहे. ती टंचाईवर चालते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो मक्तेदार आहे, आणि सार्वजनिक पुरवठा हा त्याच्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. नगरसेविका वस्तीत सहा नळ आणते तेव्हा तिने एका दादाची कमाई बुडवलेली असते. एवढे काम कोणत्याही पोलीस ठाण्याने एका दिवसात केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अर्थात महापालिकेने पाणी नाकारण्याचेही नियम केले होते. ठरावीक तारखेनंतरच्या झोपडीला जोडणी द्यायची नाही, हे धोरण मुंबईत वर्षानुवर्षे चालले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले, की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क नाहीसा होत नाही. हंड्यांच्या मोर्चांना पन्नास वर्षे होऊन गेल्यावर न्यायालयाला हे सांगावे लागले.

सुरक्षितता ही आमच्या शास्त्रात सार्वजनिक वस्तू मानतात. रस्त्यावर दिवा लागला की तो सर्वांसाठी लागतो, एकाला उजेड मिळाला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. परंतु जे ऐपतदार आहेत ते ही वस्तू खाजगीरीत्या विकत घेऊ लागले की सार्वजनिक दिव्यासाठी भांडणारा एक गट कमी होतो, आणि तो गट नेमका अधिकाऱ्याच्या खोलीत सहज प्रवेश मिळणारा असतो. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार रात्रभर आमची झोप राखतो. त्याच वेळी त्याच्या घरची माणसे दिवा नसलेल्या गल्लीतून सार्वजनिक शौचालयाकडे जात असतात. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत हा खर्च कुठेही धरलेला नसतो.

१९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी पक्षभेद बाजूला ठेवून लाटण्यांचे मोर्चे काढले. थाळ्यांचा तो आवाज मी शाळकरी वयात ऐकला आहे. त्याचा विस्तार आज करीत नाही. त्याच वर्षी त्या विधानसभेत आणि आणीबाणीतील कारावासानंतर १९७७ साली लोकसभेत गेल्या. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दिल्लीहून त्या गोरेगावला परत आल्या आणि १९८३ साली 'स्वाधार' हे केंद्र उभे राहिले.

'स्वाधार'पाशी थोडे थांबतो. छळ सोसणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या स्त्रियांना सल्ला आणि आधार देण्याचे हे केंद्र केशव गोरे स्मारकाच्या छत्राखाली सुरू झाले. त्याच वर्षी विवाहितेच्या छळासंबंधीचे ४९८ अ हे कलम भारतीय दंडसंहितेत आले. त्याआधी मार खाल्लेली बाई चौकीवर गेली तर 'घरगुती मामला' म्हणून तिला परत पाठवत. अनेकदा कलम आल्यावरही पाठवत. सुरक्षिततेची आपली कल्पना रस्त्यावरच्या अनोळखी माणसापुरती असते. पुष्कळ स्त्रियांना धोका घरातल्या ओळखीच्या माणसाकडून असतो, आणि तो माणूस कधी कधी आपला सभासदही असतो. वर्गसंघर्षावर तासभर बोलणारे आमचे काही मित्र या विषयावर मात्र 'हा व्यक्तिगत प्रश्न आहे' म्हणून उठून जात, हे मी पाहिले आहे. स्वतःच्या घरचे दुःख भोगलेल्या एका बाईने दुसऱ्यांच्या घरातले दुःख हा सार्वजनिक प्रश्न केला, यात मला त्यांच्या सेवेचा खरा अर्थ दिसतो. सेवा या शब्दाला आपल्याकडे उपकाराचा वास येतो. इथे तो नव्हता.

दुसरे उदाहरण सांगतो, ते आपल्याला अधिक टोचणारे आहे. भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. पुढे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापल्या. कल्पना साधी होती. दोन्ही समाजांतली सामान्य माणसे, यंत्रमागवाले, दुकानदार, कामगार, पोलिसांसह नियमितपणे एकत्र बसतील, आणि दंगल नसतानाही बसतील. चर्चा गटाराची, पार्किंगची, भाडेकरूच्या भांडणाची चालली तरी हरकत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात मुंबईतील मृतांची संख्या ९०० नोंदवली आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर धर्मांचे आणि ४५ जण असे होते की ज्यांची ओळखच पटली नाही. या शेवटच्या आकड्यावर माझी नजर नेहमी अडते. पंचेचाळीस घरांना कोणाचे सुतक पाळायचे हेदेखील कळले नाही. त्यानंतर १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

टोचणारी गोष्ट अशी, की भिवंडीचे हे काम एका पोलीस अधिकाऱ्याने केले. वस्तीतल्या माणसांना एका सतरंजीवर बसवणे हे वस्तुतः निवडून आलेल्या प्रतिनिधीचे काम होते. अधिकाऱ्याची बदली होते, आणि त्याच्यामागे सतरंजी गुंडाळली जाण्याचा धोका असतो.

आता मुंबईकडे परत येतो. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाडा-कुरार भागात, महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून पाण्याच्या लोंढ्यात झोपड्या वाहून गेल्या. सुमारे तीस माणसे मेली. हे ठिकाण गोरेगावपासून दूर नाही. पाण्यासाठी जिथल्या बायकांनी हंडे वाजवले त्याच उपनगरात, शहराला पाणी देणाऱ्या जलाशयाच्या भिंतीखाली गरिबांची घरे गाडली जावीत, यावर अधिक बोलण्याची मला इच्छा नाही. तिथली माणसे वनजमिनीवर राहत होती आणि म्हणून तिथे असायला नको होती, असे लगेच सांगण्यात आले. त्यांनी कुठे असायला हवे होते, हे सांगणारे कोणी नव्हते. हेच उपनगर दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची सहा हजारांवर घरे पाहू शकते. मृणालताई आणि बाबुराव सामंत यांनी नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन लढून मिळवली म्हणून ती झाली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. भिंतीखालचे मरण आणि रद्द झालेला कायदा ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे मी मानत नाही.

दुर्घटना घडली की मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते. ती मिळायलाच हवी. परंतु अंदाजपत्रक पाहण्याची सवय असलेल्या माणसाला त्यातला एक व्यवहार दिसतो. मदतीला मथळा मिळतो, नव्या पुलाला उद्घाटन मिळते, पण नाल्यातला गाळ, जिन्याचा कठडा, भिंतीची तपासणी, गल्लीतला दिवा यांना काहीच मिळत नाही. न घडलेल्या अपघाताचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. म्हणून दुरुस्ती-देखभालीची तरतूद वर्षअखेरीला शिल्लक राहते. या तरतुदीच्या मागे हात धुऊन लागणारा प्रतिनिधी हवा असतो, आणि मुंबई महापालिकेत तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेला प्रतिनिधीच नव्हता. त्या काळात ज्यांच्या घरी मृत्यू झाला ते कोणाच्या दारात गेले असतील? प्रशासकाला मतदार नसतो, आणि म्हणून त्याला दारही नसते.

क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राने २००९ सालीच कायद्यात केली आहे. ग्रामसभेसारखी शहरातल्या छोट्या मतदारभागाची सभा भरावी असा तिचा हेतू आहे. ती भरवावी असा आग्रह आपल्या किती शाखांनी लेखी धरला? नगरसेवक शोकाच्या घरी जातो तेव्हा त्याने हात जोडून बसावे, हे बरोबरच. पण तेराव्यानंतर त्याने पुन्हा त्या घरी जावे आणि दिवा कुठे बंद होता, रुग्णवाहिका किती वेळाने आली, गटाराचे झाकण कधीपासून नव्हते, हे त्या घरच्या माणसांकडून ऐकून क्षेत्रसभेपुढे ठेवावे. शोक करणाऱ्याला आपले ऐकले गेले एवढे तरी समाधान मिळते, आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला एक ओळ मिळते.

दुपारच्या सत्रात आपल्याला महापालिकेच्या अंदाजपत्रकातील आपापल्या वॉर्डाची पाने घेऊन बसायचे आहे. देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षाखाली मंजूर किती झाले आणि खर्च किती झाले, एवढे दोनच रकाने जेवणाआधी उतरवून ठेवा. ज्यांच्याकडे प्रत नसेल त्यांनी शेजाऱ्याची घ्यावी. आज इथे भगिनी पुष्कळ आल्या आहेत. त्यांनी कृपया मागच्या रांगेत बसू नये.