दंडाची पट्टी

अंगणवाडीत मुलाचं वजन-उंची घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण सेविकाताईंकडची दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी कधी नीट पाहिलीत? सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. माप साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त, तर हिरवा रंग. त्याखाली पिवळा. साडेअकराच्याही खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. मूल हसतंखेळतं असलं, तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. दोन्ही पावलांवर सूज असेल, तर पट्टी हिरवा रंग दाखवत असली तरी थांबू नका. घरच्यांना वाटतं, बाळानं बाळसं धरलं. पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून पाहा. खड्डा तसाच राहिला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पट्टी अंगणवाडीत असते. उद्या मुलाला सोडायला जाल, तेव्हा माप घ्यायला सांगा.