पंढरपूरचे दहा दिवस



नाच-गाणी रंगात आली असताना मध्येच बोलायला उभा राहणारा पाहुणा कुणालाच नको असतो. म्हणून एकच गोष्ट सांगून बक्षिसांकडे वळू. गोष्ट एका शिक्षकाची, साने गुरुजींची.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले होते, पण पंढरीचा विठोबा अस्पृश्य ठरवलेल्या भक्तांना भेटत नव्हता. संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आणि त्यांच्या जातभाईंनी हात जोडायचे तेही बाहेरूनच! गुरुजींनी १९४६च्या कार्तिकीला उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापटांनी त्यांना आवरले. आधी लोकांपर्यंत जा म्हणाले. गुरुजींनी ऐकले. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकासह महाराष्ट्र पिंजून काढला. सभा झाल्या, गावोगावच्या विहिरी आणि देवळे खुली झाली. देवावर भरवसा ठेवणारा हा माणूस हातावर हात धरून बसला नव्हता.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गावात विरोध एवढा, की बसायला जागा मिळेना. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. 'भीमेपलीकडे चालते व्हा' अशा घोषणा बाहेर घुमत होत्या. एवढ्यात उपोषण सोडा, अशी गांधीजींची तार आली.

खरी कसोटी ही. विरोधकांना तोंड देता येते हो! पण ज्याला आयुष्यभर पूज्य मानले, त्याचीच नापसंती आली तर? त्या वेळी मागे फिरायला सबब आयतीच मिळाली होती. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला.

भीती गुरुजींना नव्हती; ती खरे तर विरोधकांच्या बाजूला होती. कुणी शिवले तर देव बाटेल म्हणे! गुरुजींचा विठोबा एवढा लेचापेचा नव्हता. काँग्रेसचे नेते ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीनंतर मंदिर सर्वांना खुले करायला तिथल्या बडव्यांची, म्हणजे पुजाऱ्यांची, संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

भीतीपोटी मागे न फिरण्याची ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे. दहावीनंतर काय, हा प्रश्न इथे माधवनगरच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना पडलेला असेल. 'लोक काय म्हणतील' एवढ्याच धास्तीने शाखा निवडू नका. आणि हो, आपल्या जवळच्या मिरजेहून पंढरपूरला रेल्वे जाते. सुट्टीत जा, विठ्ठलाचे दर्शन घ्या आणि त्याआधी महाद्वारासमोर चोखोबांपुढे थांबा.